पुढून की मागून?

अस्थिशल्यविशारदांच्या जगात काही वाद असे आहेत की, त्यांचा फैसला आपल्या हयातीत होणार अशी प्रत्येक पिढीची खात्री असते आणि प्रत्येक पिढी तो वाद, हत्यारे तेवढी बदलून, पुढच्या पिढीच्या हवाली करून निवृत्त होते. खुब्याचा निकामी झालेला सांधा काढून तेथे कृत्रिम सांधा बसवावयाचा झाल्यास त्या सांध्यापर्यंत पुढून जावे, बाजूने जावे की मागून जावे, हा त्या जातीचा अव्वल वाद होय. सांधा खोल आहे. त्याच्या चहूबाजूंस शरीरातील अत्यंत जाड स्नायूंचा पहारा आहे. मागे बोटाएवढी जाड सायटिक नस आहे, पुढे मांडीची मुख्य रक्तवाहिनी आहे, आणि वरच्या अंगाला, चालताना कंबर सावरून धरणारे जे स्नायू, त्यांना चेतना पुरविणारी एक बारीकशी नस आहे. तेव्हा कोणत्याही वाटेने गेले तरी कशाचे तरी मोल दिल्यावाचून आत प्रवेश मिळत नाही, एवढे सर्वांनाच मान्य आहे. भांडण आहे ते मोल कोणते द्यावे याविषयी.

हे भांडण मी ऐकले ते रायपूरच्या चौबे कॉलोनीत, म्हणजे 1935 साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र मंडळाची वास्तू जेथे उभी आहे त्या वसाहतीत, माझ्या शेजारच्या घराच्या व्हरांड्यात. वादी व प्रतिवादी हे नात्याने मामा आणि भाची. मामांनी नागपूरच्या मेडिकल कॉलेजात विद्या घेतली आणि उभी नोकरी रायपूरच्या त्या सरकारी इस्पितळात केली, ज्याला गावातले रिक्षावाले आजही ‘मेकाहारा’ याच नावाने ओळखतात. भाची मुंबईत शिकली, काही काळ जर्मनीत राहिली आणि आता येथील एका खाजगी रुग्णालयात दरसाल बरेच खुबे बदलते. मी महालेखाकार कार्यालयातून पेन्शनीत निघालेला मनुष्य. शल्यशास्त्रात मला गती नाही, पण दोन पक्षांच्या कैफियती शांतपणे ऐकून कागदावर काय रुजू आहे एवढे पाहण्याची सवय हाडीमाशी खिळलेली आहे.

वादाला निमित्त झाला तो कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याचा चोवीस वर्षांचा मुलगा. त्याचा एक्स-रे भाचीने व्हरांड्याच्या जाळीपुढे उजेडात धरला, आणि माझ्यासारख्या अडाण्यालाही दिसावे इतके ते चित्र उघड होते: उजव्या मांडीच्या हाडाचा जो गोल माथा श्रोणीच्या वाटीत फिरतो, तो वरच्या अंगाने चेपून सपाट झालेला, आणि त्या सपाटीच्या खाली, नखाने कोरावी तशी, एक काळी चंद्रकोर. डाव्या बाजूचा माथा अजून गोल होता, परंतु त्यातही एक धुरकट डाग धरला होता.

“सिकल,” मामा म्हणाले. त्या एका शब्दात या प्रांताचा निम्मा इतिहास आहे. रक्तातील तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन केसासारख्या बारीक वाहिन्यांत अडकतात, आणि ज्या हाडाला रक्त मोजक्याच वाटांनी पोचते त्या मांडीच्या माथ्याचा पुरवठा तुटून ते हाड जिवंत देहात मरून जाते. विलायतेत खुबा बदलून घेणारा बहुधा सांधा झिजलेला साठी-सत्तरीतला गृहस्थ असतो. आपल्याकडे, आणि विदर्भापासून छत्तीसगडापर्यंत पसरलेल्या या सिकलच्या पट्ट्यात तर विशेषेकरून, तो पुष्कळदा विशी-तिशीतला, घर चालविणारा मुलगा असतो. रायपुरात सिकलसेलसाठी स्वतंत्र संस्थाच आहे, ती काही उगीच नव्हे. आणि चोविसाव्या वर्षी बसविलेला सांधा चौऱ्याऐंशीव्या वर्षापर्यंत टिकेल असे कोणताही प्रामाणिक शल्यविशारद लिहून देणार नाही. ‘लॅन्सेट’ने 2019 साली अनेक देशांतील आकडे एकत्र करून छापले, त्यांत पंचवीस वर्षे टिकलेले खुबे शंभरात सुमारे 58 भरले. राहिलेल्यांचे पुन्हा ऑपरेशन झाले. म्हणजे इस्त्रीवाल्याच्या मुलाच्या बाबतीत दुसरी शस्त्रक्रिया, ज्याला ही मंडळी रिव्हिजन म्हणतात, ती पहिल्या दिवसापासूनच हिशेबात धरलेली बरी.

“मामा, ह्याला मी पुढून करीन,” भाचीने एक्स-रे पाकिटात सारीत सांगितले.

“का?”

“कारण पुढून गेले की एकही स्नायू कापावा लागत नाही. दोन स्नायूंच्या मधली फट आहे, तिच्यातून आत शिरायचे. एकाची नस वेगळी, दुसऱ्याची वेगळी, म्हणजे दोघांपैकी कोणीच लुळा पडत नाही. रोगी उताणा झोपलेला असतो, त्यामुळे टेबलावरच एक्स-रे काढून दोन्ही पायांची लांबी ताडून पाहता येते. दुसऱ्या दिवशी चालतो, वॉकर लवकर सुटतो. ह्या मुलाला दिवसभर उभे राहून इस्त्री करायची आहे, जेवायला जमिनीवर बसायचे आहे. मागून केले तर तुम्ही त्याला काय सांगणार? खाली वाकू नको, पाय दुमडू नको, खुर्ची उंच घे, कमोड घे. त्याच्या खोलीत कमोड बसवायला जागा तरी आहे का?”

मामांनी चष्मा काढून पुसला. ते युक्तिवादास उत्तर देण्यापूर्वी असे करीत असत, ही गोष्ट भाचीला लहानपणापासून ठाऊक असावी, कारण ती मध्येच हसली.

“अगं, मांडी घालणे वेगळे आणि उकिडवे बसणे वेगळे,” मामा म्हणाले. “मांडी घातली की गुडघा बाहेर जातो, मागून केलेल्या खुब्याला त्याचे इतके भय नाही. भय आहे ते बुटक्या स्टुलावर बसून, गुडघा आत घेऊन, खालचे काही उचलायला वाकण्याचे. तेव्हा बॉल मागे निसटतो. तुझ्या पुढच्या वाटेचा खुबा निसटायचा झाला तर पाय मागे टाकून बाहेर वळवल्यावर पुढे निसटतो. निसटण्याची दिशा बदलली, एवढेच. आणि मागून निसटतो हे जे तुम्ही पोरे शाळेत पाठ करता, ते आमच्या काळचे आहे. आम्ही आत जाताना कापलेले आखूड स्नायू आणि सांध्याची पिशवी तशीच सोडून देत होतो. आता ती हाडाला भोक पाडून परत शिवतात, बॉलही मोठा घालतात. त्याने आकडे किती खाली आले ते तुला मी सांगायला नको.”

येथे थोडे मागे गेल्याखेरीज वाचकास हा वाद नीट आकळणार नाही. पुढची वाट नवी आहे असा जो समज जाहिरातींनी पसरविला, तो खरा नव्हे. जर्मनीत कार्ल ह्यूटरने ती एकोणिसाव्या शतकातच वर्णन केली होती. बोस्टनच्या स्मिथ-पीटरसनने विसाव्या शतकाच्या आरंभी तिला आपले नाव मिळवून दिले. आणि पॅरिसचे ज्युडे बंधू 1940 च्या दशकाच्या अखेरीस त्याच वाटेने, खास बनविलेल्या टेबलावर पाय ताणून, अॅक्रिलिकचे बॉल बसवीत होते. मागची वाट कोखर आणि लांगेनबेक या नावांनी ओळखली जाते, परंतु ती सर्वत्र रूढ केली दक्षिण कॅरोलिनातील ऑस्टिन मूर याने. त्याच्या नावाचा धातूचा बॉल आपल्या देशात इतका बसला की, म्हातारीचे खुब्याचे हाड मोडले की ‘मूर घातला’ असेच वॉर्डात म्हणत. मामांच्या हातून असे मूर शेकड्यांनी गेले असतील, आणि सर्व मागून. बाजूच्या वाटेचाही एक काळ होता; 1982 मध्ये हार्डिंजने तिचे वर्णन केल्यावर ती विलायतेत फार लोकप्रिय झाली. त्या वाटेने खुबा सहसा निसटत नाही, पण कंबर सावरणाऱ्या स्नायूचा पुढला भाग उचलावा लागतो, आणि तो नीट भरून आला नाही तर रोगी पुढे कायमचा एका अंगाला झुकून चालतो. या दोघांपैकी कोणीही त्या वाटेचा कैवार घेतला नाही. म्हणून मीही तिला येथेच सोडतो.

परंतु ज्याला या विद्येचा जनक म्हणतात, त्या जॉन चार्न्लीची वाट या तिन्हींहून निराळी होती, आणि तिच्याविषयी मामा बोलू लागले की त्यांचा आवाज बदलतो. लँकेशायरमधील राइटिंग्टन इस्पितळात चार्न्ली मांडीच्या हाडाच्या बाहेरच्या बाजूचा मोठा उंचवटाच करवतीने कापून, त्याला लागलेल्या स्नायूंसह वर उचलीत असे. सांधा समोर उघडा पडे. काम झाल्यावर तो उंचवटा तारांनी पुन्हा जागेवर बांधीत असे. तारा तुटत, हाड जुळत नसे, आणि पुढे बहुतेकांनी ती वाट टाकून दिली. पण चार्न्लीचे मोठेपण त्या वाटेत नाही. त्याने आधी टेफ्लॉनच्या वाट्या बसविल्या, सुमारे तीनशे रुग्णांच्या खुब्यांत. त्या वर्षा-दोन वर्षांत झिजल्या आणि झिजलेल्या कणांनी आसपासचे हाड खाल्ले. त्याने तेच कण आपल्या स्वतःच्या मांडीत टोचून घेतले, गाठी आल्या त्या तपासल्या, आणि बिघडलेले सांधे एकेक करून काढून टाकण्याचे काम दुसऱ्या कोणावर न टाकता स्वतःच्या हातांनी केले. नोव्हेंबर 1962 मध्ये पॉलिथिलीनची वाटी आली आणि मग कोठे गाडी रुळावर आली. खुबा बदलण्याच्या विद्येइतकीच जुनी तो पुन्हा बदलण्याची विद्या आहे, ही गोष्ट मामांनी भाचीला उद्देशून सांगितली. माझ्या मते ती आम्हा सर्वांनाच उद्देशून होती.

“तो आपला सांधा विकूसुद्धा देत नसे,” मामा म्हणाले, “राइटिंग्टनला येऊन शिकून गेल्याशिवाय. आणि आज तुमच्या पुढच्या वाटेचे काय? दोन दिवसांची कार्यशाळा, एक प्रमाणपत्र, बाहेर बोर्ड: ‘स्नायू न कापता हिप’. कॅनडात ऑन्टेरियो प्रांताच्या दप्तरातून तीस हजारांवर रोगी तपासून 2020 साली ‘जामा’मध्ये छापले आहे. पुढून केलेल्यांत वर्षाच्या आत मोठी गुंतागुंत शंभरात दोघांना, इतर वाटांनी शंभरात एकाला. हे तू वाचलेले आहेस.”

“वाचले आहे. संसर्ग, निसटणे आणि पुन्हा ऑपरेशन हे सगळे एकत्र धरून शंभरात दोन. पण त्या दप्तरात रोग्याने काठी कोणत्या आठवड्यात टाकली हे लिहिलेले नाही, मामा.”

“काठी दोन आठवडे आधी सुटते, कबूल. सहा महिन्यांनी दोघांना शेजारी शेजारी चालव, आणि कोणाचे पुढून झाले ते मला ओळखून दाखव.”

भाची गप्प राहिली नाही. ती सहसा राहत नाही. “दोन आठवडे तुम्हाला थोडे वाटतात, कारण तुमच्याकडे पेन्शन आहे. रोजावर जगणाऱ्याला दोन आठवडे म्हणजे घरभाडे. आणि कार्यशाळेविषयी म्हणाल तर मी पहिल्या पन्नास केसेस दुसऱ्याच्या नजरेखाली केल्या. वाट वाईट नसते, ती अर्धवट शिकलेली वाईट असते. मागची वाट अर्धवट शिकलेल्या माणसाने सायटिक नस दुखावलेले रोगी मी पाहिले आहेत. पाऊल लुळे, फरफटत चालतात.”

पेन्शनचा टोला मामांना लागला असावा, कारण मग ते थेट मुद्द्यावर आले. सिकलच्या रोग्याचे मांडीचे हाड आतून इतर लोकांसारखे नसते. मेलेल्या हाडावर नवे कठीण हाड साचून त्याची पोकळी ठिकठिकाणी बुजलेली असते, आणि तीत सांध्याचा दांडा, ज्याला स्टेम म्हणतात, तो उतरविताना हाड उभे चिरण्याची किंवा छिन्नी भलतीकडे शिरण्याची भीती असते. पुढून गेले असता वाटी डोळ्यांपुढे स्वच्छ दिसते, परंतु मांडीचे हाड खाली आणि मागे राहते. ते वर उचलून आणणे हेच त्या वाटेतील अवघड काम, आणि हाडे चिरण्याचे प्रसंग शिकाऊंच्या हातून तेथेच घडतात. मागून गेले असता हाड पूर्ण हाती येते, आणि चिरलेच तर चीर त्याच रेषेत गुडघ्याकडे हवी तेवढी वाढविता येते. “ह्या पोराच्या हाडात तुला कोठे ना कोठे अडणार आहे,” मामा म्हणाले. “अडल्यावर वाट वाढवता आली पाहिजे. तुझी वाट वाढत नाही.”

“वाढते. थोडी वाढते.”

“थोडी.”

या ‘थोडी’वर दोघेही काही वेळ थांबले, आणि मी, बाहेरचा मनुष्य असल्यामुळे, धीर करून विचारले की, पंचवीस वर्षांनी ह्याच मुलाचे रिव्हिजन करावे लागले तर ती कोणत्या वाटेने जाईल.

भाचीने फारसे आढेवेढे घेतले नाहीत. केवळ वाटी बदलावयाची असेल तर ती पुढूनच जाईल, असे ती म्हणाली. पण हाडात घट्ट बसलेला दांडा काढावयाचा असेल तर मागून. मग तिने मला ते कसे करतात ते सांगितले, आणि मी ते येथे मुद्दाम सविस्तर देतो, कारण पहिल्या ऑपरेशनच्या जाहिरातीत ते कोठेही छापलेले नसते. हाडात एकजीव झालेला दांडा ओढून निघत नाही. सिमेंट असेल तर ते छिन्नीने कणाकणाने फोडावे लागते. अशा वेळी मांडीच्या हाडाची बाहेरची भिंत वरच्या उंचवट्यापासून खाली वीतभर लांब कापतात, आणि ती पूर्ण सुटी न करता, कपाटाचे दार बिजागरीवर उघडावे तशी, पुढल्या बाजूच्या स्नायूंवर उघडून धरतात. आतला दांडा दिसतो. तो सोडवून काढतात. अधिक लांब दांडा खाली शाबूत हाडात पक्का करतात. मग ते दार मिटून त्याभोवती तारेचे फास आवळतात. 1995 मध्ये यंगर प्रभृतींनी ही रीत प्रसिद्ध केली. कापलेले हाड वरच्या आणि खालच्या दोन्ही स्नायूंना जोडलेले राहते, म्हणून ते जुळून येते. चार्न्लीची टाकून दिलेली करवत अशी सुधारून परत आली, असे मामा मध्येच म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर समाधान लपले नाही. सांध्यात पू झालेला असेल तर हे सगळे एका खेपेत आटपत नाही: आधी जुना सांधा काढून तेथे प्रतिजैविक मिसळलेल्या सिमेंटचा तात्पुरता ठोकळा ठेवतात, काही आठवडे औषधे चालतात, आणि संसर्ग हटल्याची खात्री पटल्यावर नवा सांधा बसतो.

“मग पहिल्याच वेळी मागून का नको?” मी विचारले.

“उलट,” भाची म्हणाली. “पहिल्या वेळी पुढून गेले तर मागचा सगळा भाग अस्पर्श राहतो. दुसऱ्या वेळी मला तेथे व्रणाचा चिवट थर कापत, नस शोधत जावे लागत नाही. मामांच्या वाटेने गेलेल्या रोग्याचे रिव्हिजन करताना मला तासभर नुसती नस शोधण्यात जातो.”

हा युक्तिवाद मला त्या संध्याकाळचा सर्वांत बळकट वाटला, आणि मामांनी त्याला थेट उत्तर दिले नाही. ते निराळ्याच गोष्टीकडे वळले. व्रण कापता येतो, ते म्हणाले. पण आत काय बसविले आहे हेच ठाऊक नसेल तर काय कापणार? कोणत्या कंपनीचा दांडा, त्याचा माथा कोणत्या मापाचा, वाटी स्क्रूने बसविली की दाबून, हे माहीत असेल तर दांडा शाबूत ठेवून नुसता बॉल बदलून भागते. माहीत नसेल तर चांगला दांडाही काढावा लागतो. रोग्याजवळ एक चुरगळलेला एक्स-रे असतो, आणि ‘मुंबईला झाले होते’ एवढी माहिती.

यावर मात्र भाचीने तात्काळ मान डोलावली, आणि दोघांनीही जवळजवळ एकाच वेळी त्या धातूवर धातू घासणाऱ्या खुब्याचे नाव घेतले. जॉन्सन अँड जॉन्सनच्या डीप्यू कंपनीचा एएसआर हा सांधा कोबाल्ट-क्रोमियमचा होता. त्याचे कण रक्तात मिसळत, भोवतालचे मांस व हाड खात. ऑगस्ट 2010 मध्ये कंपनीने तो जगभरातून परत घेतला. भारतात तो सुमारे 4,700 लोकांना बसविला गेला होता. केंद्र सरकारने 2017 मध्ये नेमलेल्या तज्ज्ञ समितीने चौकशी केली, आणि 2018 च्या अखेरीस तीस लाखांपासून एक कोटी तेवीस लाखांपर्यंत मोबदल्याचे कोष्टक ठरले. परंतु तोवर त्यांतील साडेतीन हजारांहून अधिक रुग्णांचा ठावठिकाणाच लागत नव्हता. त्यांच्या मांडीत काय आहे हे कदाचित त्यांना स्वतःलाही ठाऊक नसावे. चार्न्ली आपल्या रुग्णांकडून मृत्यूनंतर खुबा परत तपासावयास मिळावा अशी संमती घेत असे. आपल्याकडे जिवंत माणसाच्या खुब्याची नोंद सापडत नाही.

तिथून संभाषण भरकटले. ऑक्टोबर 2000 मध्ये पंतप्रधान वाजपेयींचा गुडघा ब्रीच कँडीत डॉ. चित्तरंजन राणावत यांनी बदलला, आणि त्यानंतर तीनच आठवड्यांनी, 1 नोव्हेंबरला, छत्तीसगड राज्य झाले. रायपूरच्या लोकांना सांधा बदलता येतो हे त्या वर्तमानपत्रांतूनच कळले, असे मामांचे मत. तोवर चहा गार झाला होता.

माझा कौल कोणी विचारला नव्हता, तरी तो देतो. सडपातळ, निरोगी हाडाच्या माणसाला, ज्याने ती वाट रोज चालली आहे अशा हाताने, पुढून करून घेण्यात मला काही वावगे दिसत नाही, आणि भाचीचा रोजंदारीचा मुद्दा मामांनी फार हलक्यावारी नेला. परंतु बुजलेल्या हाडाच्या ह्या मुलाच्या बाबतीत मामांचे म्हणणे खरे होते, आणि भाचीनेही सी.टी. पाहिल्यावर आपण होऊन तो निर्णय घेतला: उजवा खुबा तिने मागून केला, पिशवी हाडाला परत शिवली. मुलगा आता दुकानात उभा राहतो. डाव्या खुब्याविषयी वाद अजून चालू आहे.

वाचकांपैकी ज्यांच्या घरी असे ऑपरेशन झाले आहे किंवा व्हावयाचे आहे, त्यांस एवढेच सांगणे की, इस्पितळातून निघण्यापूर्वी तीन कागद मागून घ्या: ऑपरेशनचा लेखी तपशील, ज्यात कोणत्या वाटेने गेले ते लिहिलेले असते; वाटी, बॉल आणि दांडा यांच्या डब्यांवरची कंपनीचे नाव, माप व नंबर असलेली चिकटपट्टीची लेबले; आणि ऑपरेशनानंतरचा पहिला एक्स-रे. ते घराच्या खरेदीखताच्या दप्तरात ठेवा, आणि ते कोठे ठेवले आहेत ते मुलांना सांगून ठेवा.